बंबाची चौकशी

लोक देवापुढे बसतात तसे मिस्तरी गळक्या भांड्यापुढे बसत. पाट घेऊन, मांडी घालून, बराच वेळ एक अक्षर न बोलता. हातात हातोडी नाही, पक्कड नाही. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा आणि पोटाशी साखळीचं घड्याळ, एवढाच सरंजाम. कोणी घाईने विचारलं, "मिस्तरी, काय झालं याले?" तर म्हणत, "मले काय मालूम? आत्ताच तर वळख होऊन राह्यली."

त्यांची आठवण निघायला कारण झालं ते माझ्या न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरचं. परवा तो टपटपू लागला. दुरुस्तीवाला आला, आणि चपला काढायच्या आधी त्याने स्क्रू काढायला घेतले. मी म्हटलं, "अहो, आधी जरा बसा की त्याच्यासमोर." त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू गळती गीझरला नसून मला लागली आहे. त्याचंही बरोबर आहे. गळक्या वस्तूसमोर बसायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मला शिकवलं होतं, आणि त्यासाठी मला जन्मातली एकुलती एक गोष्ट खरी सांगावी लागली होती.

राज्यांची वाटणी झाली तेव्हा भंडाऱ्याजवळचं माझं गाव मुंबई राज्यात गेलं आणि माझी नोकरी मध्य प्रदेशात राहिली. मी नोकरीच्या मागे बालाघाटला आलो. जंगल खात्याच्या कचेरीत जावक पत्रांची नोंद ठेवायची, हे माझं काम. लग्न व्हायचं होतं. दोन खोल्या घेतल्या त्या मिस्तरींच्या घरात. मँगनीजच्या खाणीवर तीस वर्षं बॉयलरजवळ काढून ते घरी बसले होते. गाव त्यांना मिस्तरी म्हणे. मी काका म्हणे, कारण घरमालकाला काका म्हटलं की तो मऊ होतो असा माझा समज होता. ते काही झाले नाहीत. काकू मात्र झाल्या.

न्हाणी सामाईक होती आणि न्हाणीत बंब होता. तांब्याचा, चांगला पाच बादल्यांचा. मधोमध उभी नळी, तिच्यात लाकूड पेटवायचं, नळीच्या भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राख. आणि बुडापासून चार बोटं वर तोटी. राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा असताना काकांनी माझी परीक्षा घेतली होती.

"बाबूजी, हे तोटीखालचं चार बोट पाणी कधीच भाईर येत नाई. काहून?"

"तोटी वर बसवलीय म्हणून."

"काहून वर बसवली?"

मी विचार करून म्हणालो, "कारागिराची चूक?"

काकांनी बंबाच्या बुडावर बोट ठेवलं. मग सावकाश म्हणाले, "बुडाच्या सांध्याले म्या कथील वितळवून डाग देला हाये. पाणी हाये तवर आग त्या डागाले काई करत नाई, पाणी त्याले थंडा ठेवते. पाणी नसलं, तर कथील लोण्यावानी वाहून जाते. ते चार बोट पाणी चौकीदार हाये. समजलं का जी?"

समजलं होतं. शब्दन् शब्द आजही पाठ आहे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी सगळं नीट समजून केल्या आहेत.

पहिल्याच थंडीत मी बंबाला हात दाखवला. कचेरीतून येताना मी जंगलातलं ओलं लाकूड आणलं होतं. पहाटे पेटवलं, आणि बघतो तर नळीतून टपटप पाणी राखेत पडतंय. मी घाबरलो. घाबरलो की मी फार वेगाने शहाणा होतो. काकूंच्या परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि बुडाला जिथे हात पोचेल तिथे थापला. वरून साबण फासला. एवढं करून मग आरडाओरडा केला.

काका पाट घेऊन आले. बसले. घड्याळ काढलं.

"पेटवून किती टाइम झाला?"

"पाच मिनिटं."

"कालबी गळला होता?"

"काल मी आंघोळ केली नव्हती."

"खरं बोलले. बसा."

मी उकिडवा बसलो. थंडीने दात वाजत होते. काका थेंब मोजत होते. थेंब आधी घाईने पडत, मग रेंगाळू लागले, मग दोन थेंबांमध्ये मला बायको-मुलांसकट अख्खं भविष्य दिसून गेलं. पाणी कढत झालं तेव्हा थेंब थांबले.

"गळणारं भांडं गरम झाल्यावर असं थांबत नाई," काका म्हणाले. "हा थांबला. म्हणजे हा गळतच नोहता."

"मग हे पाणी?"

"घाम. भांडं थंडगार, अन खालून ओल्या लाकडाची वाफ. चहा पेताना तुमच्या चष्म्याले काय होते?" मग त्यांनी वाकून बुडाकडे पाहिलं. "अन हे कायचं लावलं?"

"कणीक."

"भाजली असन तर खाऊन घ्या."

त्या दिवसापासून मला त्या माणसाचा नाद लागला. कचेरीतून आलो की मी ओसरीवर रेंगाळत असे, आज कोणाचं काय गळतंय ते पाहायला. त्यांचं म्हणणं असं की पाणी चोरासारखं असतं. सापडतं एका घरात, शिरलेलं असतं दुसऱ्याच. म्हणून ते भांड्याला हात लावायच्या आधी भांडं आणणाऱ्याला प्रश्न विचारत. गरम असताना गळते का थंड असताना? उभं ठेवलं तर गळते का कलतं केल्यावर? पहिले कवा दिसलं? आणि शेवटचा प्रश्न अगदी हलक्या आवाजात, "दिसायच्या आधी याले कोणाचा हात लागलता?"

एकदा शेजारची एक बाई पाण्याचा गुंड घेऊन आली. विहिरीवरून भरून निघते, घरी पोचेपर्यंत चार बोटं पाणी कमी, वर लुगडं ओलं. काकांनी गुंड भरून ओसरीवर ठेवला आणि कडेने खडूची रेघ ओढली. तीन दिवस रेघ कोरडी. चौथ्या दिवशी ते त्या बाईच्या मागे विहिरीपासून तिच्या घरापर्यंत चालत गेले. सगळी आळी बघत होती. परत येऊन निकाल दिला, "गुंड ठीक हाये बाई. तुमची चाल तेज हाये."

बाई म्हणाली, "मग काय आता मी म्हशीवानी चालू?"

"तुमची मर्जी. गुंडाचा काई गुन्हा नाई."

गोंदियाहून येतानाची बसची गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्यात माझा चेहरा भाजला होता. मी आणि काका गोंदियाला गेलो होतो, काही सामान आणायला. परतताना राजेगाव ओलांडलं आणि बसच्या तोंडातून वाफ निघू लागली. ड्रायव्हर खाली उतरला. मीही उतरलो. कोट घातलेला होता, त्यामुळे ड्रायव्हरने अदबीने विचारलं, "साहब, आप इंजीनियर हैं क्या?"

आता कोणी इतक्या प्रेमाने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "वैसा ही समझो," आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

पुढचं मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. फुस्सकन आवाज, ड्रायव्हरची "अरे बाप रे", आणि बसमधल्या सगळ्या बायकांचं हसणं. डोळे उघडले तेव्हा काका रस्त्याकडेच्या दगडावर बसून बसकडे बघत होते.

"थंडा होऊ द्या त्याले," ते म्हणाले. "तापलेल्या माणसाले अन तापलेल्या भांड्याले काई पुसू नाई."

अर्धा तास कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. गाडी थंड झाल्यावर ते वाकले, धूळ कुठे ओली होऊन चिकटलीय ते बोटाने चाचपलं, आणि एका बाईच्या बाजाराच्या पिशवीतली हळद मागून घेतली. दोन मुठी हळद रेडिएटरात, वरून पाणी, इंजिन चालू. हळद जाऊन त्या बारीक भोकात बसली आणि गळती थांबली. बालाघाटपर्यंत गाडीला जेवणाचा वास येत होता. ड्रायव्हरने उतरताना काकांना हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "इंजीनियर साहब, मुँह पे कुछ लगा लेना."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या अंगाशी येत गेली. काका माणसांचीही चौकशी भांड्यासारखीच करत. कचेरीच्या कामासाठी मी एकदा परसवाड्याच्या रस्त्याने सायकलवर गेलो होतो आणि परत येऊन वाघ दिसल्याचं सांगितलं. आळीला ते आवडलं. आवडलं म्हणून मी पुन्हा सांगितलं. दर वेळी वाघ हातभर लांब होत गेला. एका संध्याकाळी काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारा कोण्या बाजूचा होता? सायकलची घंटी वाजवली का? त्यानं तुम्हाले का तुम्ही त्याले, पहिले कोणं पाह्यलं? शेपटी खाली का वर?" चौथ्या प्रश्नाला माझा वाघ वासरू झाला. आळी हसली, मीही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात माझ्यावर खडूची एक रेघ ओढली असावी.

आता गुन्हा.

रविवार होता. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच म्हणालो, आज बंब मी घासतो. बंब न्हाणीबाहेर काढला, उलटा केला, चिंचेने घासला. उलटा केल्यावर चौकीदार पाणीही वाहून गेलं. पुन्हा जागेवर ठेवला. मग विचार केला, लाकूड पेटायला वेळ लागतोच, तेवढ्यात विहिरीवरून दोन बादल्या आणू. हा विचार मला फार हुशारीचा वाटला. लाकूड पेटवलं आणि निघालो.

विहिरीवर एक नवे मास्तर आले होते. कुठल्याशा शाळेत नुकतीच बदली होऊन. त्यांना वाघाची गोष्ट माहीत नव्हती.

नवा श्रोता म्हणजे काय चीज असते ते ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. घंटी, वारा, शेपटी, काकांनी विचारलेले सगळे प्रश्न मी आधीच गोष्टीत बसवून टाकले होते. वाघ इतका खरा झाला होता की मास्तर मागे वळून बघत होते. अर्ध्या तासाने बादल्या उचलून घरी आलो तर न्हाणीतून वेगळाच वास. बंबाचं बूड मोरपिसासारखं निळं-जांभळं झालेलं. मी दोन्ही बादल्या ओतल्या. छन्न आवाज झाला, वाफेने न्हाणी भरली, आणि वाफ ओसरली तेव्हा पाणी बुडातून राखेत धारेने चाललं होतं.

काका-काकू एका बारशाला गेले होते. मला एक तास मिळाला. आयुष्यात मी कुठलंही काम इतकं निगुतीने केलेलं नाही. आग विझवली. ओली राख घमेल्यात भरून परसातल्या राखेच्या ढिगावर नेऊन टाकली. बुडाचे रंग चिंच, मीठ आणि वीट लावून इतके घासले की बंब नव्या नवरीसारखा चमकू लागला. काकू आल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, किती घासला!" मी अंग चोरून म्हणालो, "काकू, पण तो गळून राह्यला वाटते."

त्या 'वाटते'वर मी आजही खूश नाही.

काका पाट घेऊन बसले. बुडाभोवती खडूचं कडं काढलं आणि चारच बोटं पाणी घातलं. कडं कुठे आधी काळवंडतं ते पाहिलं. मग पाणी काढून टाकलं, आत हात घातला, आणि सांध्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. बारीक काम ते बोटांनीच पाहत. बोट एका जागी थांबलं. परत मागे गेलं. पुन्हा थांबलं.

"डाग निघाला."

"कोणाचा?" मी मूर्खासारखं विचारलं.

"माह्या. उन्हाळ्यात म्याच देला होता." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "तीस वर्षांत माह्या हातचा डाग निघाला नाई. बॉयलरले देलेला निघाला नाई. अन हा घरचा निघाला."

एक शक्यता त्यांच्या मनात आली असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच मान हलवली. "कोरडा बंब कोणी पेटवते काय? तेवढा येडा माणूस या घरात नाई."

 माझ्याबद्दल कोणाचं इतकं चांगलं मत पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकू ओसरीवरून म्हणाल्या, "दोन वर्सापासून सांगून राह्यली, डोळे गेले, आता सोडा ते. आयकते कोण?"

यावर ते नेहमी भांडत. त्या दिवशी भांडले नाहीत. "हौ," म्हणाले. "हात गेला."

संध्याकाळी त्यांनी अवजारांची पेटी काढली. एकेक वस्तू तेलाच्या फडक्याने पुसली आणि पुन्हा पेटीत ठेवली. किरनापूरचा एक कल्हईवाला बाजाराच्या दिवशी बालाघाटला येत असे. त्याला निरोप गेला, पेटी घेऊन जा. बाजाराला चार दिवस होते.

पहिले दोन दिवस मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्या माणसाने विश्रांती घेतलेली बरी. माझ्यात हा गुण आहे, दुसऱ्याचं भलं मला वेळेवर सुचतं. तिसऱ्या दिवशी तीच तेज चालीची बाई चहाची केटली घेऊन आली. काका दारातच उभे राहिले. "मले नाई जमत आता, बाई. दुसरीकडे दाखवा," म्हणाले आणि केटली परत दिली. कुठून गळते विचारलं नाही, गरम का थंड विचारलं नाही. ते पाटावर बसलेसुद्धा नाहीत. बाई घुटमळली, मग गेली. नेहमीसारखी तेज नाही गेली.

ते पाहून मला राहवेना. मी सरळ आत गेलो. कचेरीत मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करी. घाबरलो की घरची बोली निघे.

"काका, डाग तुमच्यानं नाई निघाला. म्या बंब कोरडा पेटवला होता."

त्यांनी मान वर केली नाही. "नाई."

"नाई म्हंजे काय? म्या सांगून राह्यलो ना!"

"तुम्ही वाघबी सांगतला होता."

"आवो काका, वाघ खोटा होता. हे खरं हाये!"

"म्हाताऱ्याले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले. तुम्ही मनाचे चांगले हाये. जा आता."

मी आयुष्यभर खोटं बोलून पकडला गेलो होतो. खरं बोलून पकडला जायची ही पहिलीच वेळ. मी शपथा घेतल्या. मास्तर, विहीर, निळं-जांभळं तांबं, सगळं सांगितलं. सांगताना हात आपोआप वाघाच्या गोष्टीसारखे हलायला लागले, आणि ते पाहून काकूसुद्धा पदराआड हसल्या.

शेवटी काका वैतागले. "पुरावा काय? रंग चढला होता म्हणता. कुठी हाये रंग?"

"घासून टाकला."

"कायले घासला?"

"तुम्हाले दिसू नाई म्हणून."

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जुनी उत्सुकता हलली. "आगीनं निघालं असन तर कथील खाली टपकलं असन. सांधा माह्या हातानं कच्चा राह्यला असन तर ते जागीच फाटलं असन, राखेत काई भेटनार नाई. कथील आणून दाखवा. नाई तर पुन्हा या गोष्टीचं तोंड काढू नका."

आता राख. मी ती परसातल्या ढिगावर टाकली होती. काकूंनी त्या ढिगातली राख तीन दिवस भांड्यांना वापरली होती, आणि टोपलीभर वांग्यांच्या रोपांवर उधळली होती. कचेरीला आजारपणाची चिठ्ठी पाठवून मी सकाळी काकूंची पिठाची चाळणी घेऊन परसात बसलो.

"माह्या पिठाची चाळणी!" काकू ओरडल्या. "काय शोधून राह्यले तिथं?"

"माह्या गुन्हा."

"मग मोठी चाळणी न्या. त्यातून नाई मावनार."

दुपारपर्यंत मी ढीग चाळला. खिळे मिळाले, कोळसे मिळाले, काकूंच्या पैंजणाची हरवलेली कडी मिळाली. कथील नाही. मी भांडी घासायच्या डब्यातली राख चाळली. नाही. अंगभर राख फासलेला मी आडवा होऊन वांग्यांच्या एकेका रोपाखाली फुंकर घालत पुढे सरकत होतो, आणि कुंपणापलीकडून आळीतली माणसं काकूंना विचारत होती की बाबूजींनी संन्यास घेतला का. काकू म्हणत, "अजून ठरलं नाई. शोधून राह्यले."

शेवटून दुसऱ्या रोपाच्या बुंध्याशी ते होतं. बोटाच्या पेराएवढं, चपटं, पाण्याचा थेंब पडून पसरावा तसं. वरून काळं. नखाने खरवडलं तर आत चांदी.

मी धावतच ओसरीवर गेलो. काकांनी ते तळहातावर घेतलं, वजन पाहिलं, खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग दाताखाली धरून वाकवलं आणि डोळे मिटून ऐकू लागले. चांगलं कथील वाकवलं की बारीक किरकिरतं. बाजारातल्या डागाच्या कथलात शिसं जास्त, ते मुकाट्याने वाकतं. काका आपलं स्वतः मिसळत, शिसं अगदी कमी घालून. मलासुद्धा ऐकू आलं, रातकिडा दूर कुठेतरी एकदाच बोलावा इतकं.

"माह्यं हाये," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे ऐकवलं ते खाणीवरचं होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. काकूंनी कानावर पदर घेतला, पण उठून गेल्या नाहीत. शिव्या संपल्यावर काकांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "रंग पहिले कोणता आला? निळा का जांभळा?"

"मी आलो तवा दोन्ही होते."

"हं. लाकूड कोणतं होतं?"

"धावड्याचं."

"म्हणूनच. धावड्याची आग लय तेज," ते म्हणाले, आणि बराच वेळ समाधानाने मान हलवत बसले.

त्याच दुपारी शेगडी पेटली. पेटी उघडली. मला वाटलं, आता मी बाजूला बसून बघायचं. पण बंब उलटा ठेवून, सांधा घासून, कथील नीट धरावं म्हणून नवसागर लावून झाल्यावर ते थांबले. तापलेलं हत्यार हातात, आणि ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इकडे या. हात शाबूत हाये माह्या. पण कथील कुठवर पोचलं ते मले दिसत नाई. उन्हाळ्यात अंदाजानं देला होता. तुम्ही सांगा."

मी वाकलो. गरम हत्याराखाली कथील क्षणात पाण्यासारखं झालं आणि सांध्याच्या रेघेत धावू लागलं.

"पोचलं?"

"पोचलं," मी म्हणालो. सवयीने. समोरच्याला काय ऐकायचं असतं ते माझ्या तोंडातून आधी निघतं.

"खरं सांगा."

मी पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. "नाई. नळीच्या बाजूनं केसाएवढं राह्यलं."

"कोण्या बाजूनं?"

"तुमच्या डाव्या हाताकडं. अजून थोडं. अजून. हां, आता वळलं... नाई, थांबलं. एक ठिपका काळा हाये."

"तिथं नवसागर कमी पडला," ते म्हणाले आणि तेवढीच जागा पुन्हा घासली. असं पाऊण तास चाललं. त्यांचा हात हलत नव्हता. मी मात्र दर वाक्याआधी चष्मा पुसत होतो, कारण इतका वेळ सलग जसं आहे तसं बोलायची मला सवय नव्हती, आणि प्रत्येक वाक्यावर तो माणूस जळतं हत्यार पुढे नेत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार. किरनापूरचा कल्हईवाला ओसरीवर येऊन बसला. पाणी भरलेला बंब न्हाणीत उभा होता, बुडाला खडूचं कोरडं कडं, आणि कडं सकाळपासून पांढरंच होतं.

"मिस्तरी, पेटी देऊन राह्यले म्हणे?"

"नाई देत."

"काहून? डोळे गेले म्हणत होते."

"गेले ना. हे बाबूजी हाये."

कल्हईवाल्याने माझ्याकडे पाहिलं. केसांत अजून राख होती. "यायच्या भरोशावर? हे तर वाघवाले ना?"

"तेच," काका म्हणाले.

काकूंनी त्याला चहा दिला. तेवढ्यात फाटकातून ती तेज चालीची बाई आली, हातात तीच केटली. कुठून तरी तिला कळलं होतं. काकांनी केटली घेतली, हलवली नाही, उलटी केली नाही. ओसरीच्या पायरीवर ठेवून तिच्यात पाणी घातलं, पाट ओढून बसले आणि घड्याळ काढलं. मग दुसरा पाट पायाने माझ्याकडे सरकवला.

"बसा जी," म्हणाले. "घाई नाई. पहिले काय दिसते ते सांगा."

मी बसलो. बराच वेळ पाहिलं आणि म्हणालो, "अजून काहीच नाई."